जुलियानाबाईंची खाकीची शिकवणी

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी मोठ्या आशेनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पोलिसात होतात ना? मग एखादा खून, एखादा दरोडा..." मी म्हटलं, "बाई, माझ्या नोकरीत खून झालाच असेल तर तो इंग्रजी भाषेचा, आणि तो मीच केला." त्या हसल्या, पण जरा हिरमुसल्याही. म्हणून आधीच सांगून ठेवते, या लेखात रक्ताचा थेंब नाही. एक म्हातारी हरवते, तेवढंच. ती सापडते हेही आत्ताच सांगते, कारण वाचकांना टांगणीला लावायला मला आवडत नाही. तिचं पुढं काय होतं ते मात्र शेवटी सांगेन.

मी मूळची देवळ्याची. कांद्याच्या चाळीत लपाछपी खेळत वाढले. भरती झाले, बंदोबस्त केले, उन्हात उभी राहिले, ठाण्यात बसले. मग कुणीतरी अफवा उठवली की आहेर बाईंना इंग्रजी येतं. त्या अफवेच्या जोरावर मी ग्रामीण पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या टेबलावर जाऊन बसले, ती सहायक फौजदार होऊन निवृत्त होईपर्यंत तिथून उठले नाही. घरी आमचे हे म्हणायचे, "लासलगावच्या मार्केटात जगभराचा कांदा जातो आणि तुझ्या टेबलावर जगभरातून माणूस येतो." त्यांना प्रत्येक गोष्टीत कांदा दिसतो, इलाज नाही.

काम साधं होतं. दुसऱ्या देशाचा माणूस आपल्या जिल्ह्यात नोकरीला, शिकायला येऊन राहिला की त्याची नोंद करायची. कोण, कुठला, कुणाकडे उतरला, किती दिवस राहणार. नाशकात कोण परदेशी येतंय असं तुम्हाला वाटेल, पण द्राक्षं आणि वाइन आल्यापासून त्यातले जाणकार येतात, कारखान्यात यंत्रं बसवायला इंजिनियर येतात, त्र्यंबकला डोळे मिटून बसायलाही येतात. या सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले की हळूच विचारायचे, "मॅडम, तुमच्याकडे खरे पोलीस कोणते?"

पहिल्यांदा मला रागच आला होता. खरे म्हणजे काय, आम्ही काय नाटकातले? मग एकदा सीबीएसच्या, म्हणजे एसटी स्टँडच्या चौकात उभी राहून मी त्यांच्या नजरेनं पाहिलं आणि राग विसरले. शहराचे पोलीस खाकीत, ग्रामीणचे खाकीत. होमगार्ड खाकीत, वनरक्षक खाकीत, राखीव दलाचे जवान खाकीत. रेल्वेत तर दोन प्रकारचे, आणि दोन्ही खाकीत. एकटे वाहतुकीचे काय ते वरून पांढरे, पण खालून पुन्हा खाकीच. आपल्याला लहानपणापासून सवय असते, चालण्यावरून कळतं कोण कुणाचा. बाहेरच्या माणसानं काय करावं? एका जपानी इंजिनियरची बॅग आगगाडीत चोरीला गेली, तर बिचारा तीन दिवस वनखात्याच्या नाक्यावर जाऊन वाकून नमस्कार करत होता. नाक्यावरच्या लोकांना वाटलं, निसर्गप्रेमी आहे. त्यांनी त्याला रोज चहा पाजला आणि मोर दाखवला. बॅग शेवटी रेल्वेच्याच पोलिसांनी शोधून दिली, पण त्याला आठवण राहिली ती मोराची.

तर मुख्य गोष्ट. मार्को नावाचा एक इटालियन गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत वाइन करायला होता. बरीच वर्षं इथे होता, मिसळ खायचा, रिक्षावाल्याशी घासाघीस करायचा. लग्न झालेलं नव्हतं. वायनरी ग्रामीणच्या हद्दीत, त्यामुळं नोंदीला माझ्याकडे यायचा. एका हिवाळ्यात तो तणतणत आला. बरोबर एक पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची म्हातारी. त्याची आई, जुलियाना. वडील वारल्यावर पहिल्यांदाच मुलाकडे आलेली.

मार्को म्हणाला, "मॅडम, हिनं पासपोर्ट कुणाला दिला माहीत आहे? वॉचमनला!"

झालं होतं असं. यांच्या इटलीत पोलीस निळ्या कपड्यात असतात. बाई बंगल्यातून बाहेर पडल्या तर फाटकाशी निळ्या गणवेशातला, टोपी घातलेला, मिशाळ माणूस. त्यानं कडक सलाम ठोकला. बाईंना वाटलं, वा, दारातच पोलीस चौकी! नव्या गावात आलो की पोलिसांना कागद दाखवावा, म्हणून त्यांनी पासपोर्ट त्याच्या हातात दिला. वॉचमनकाकांना वाटलं, मॅडम सांभाळायला देताहेत. त्यांनी तो डब्याच्या पिशवीत घातला आणि ड्यूटी संपल्यावर इमानानं घरी नेला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला तेव्हा त्याला मेथीच्या भाजीचा वास येत होता. मी तो हुंगून पाहिलाय, म्हणून सांगते.

मी हसायला लागले. बाईही हसायला लागल्या. मार्को मात्र हसेना. "इथे हिला पोलीस कोण आणि वॉचमन कोण हे कळत नाही. भाषा येत नाही. मी दिवसभर द्राक्षात असतो. उद्या ही कुठे हरवली तर? मी तिकीट काढणार आहे. पुढच्या महिन्यात ही परत जाईल. आमच्या गावाजवळ वृद्धांसाठी एक चांगलं घर आहे."

बाईंचं हसू मावळलं. त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "घर चांगलं आहे. पण तिथे मार्को नाही."

मार्को वाईट मुलगा नव्हता हो. घाबरलेला मुलगा होता, आणि घाबरलेली मुलं आईवर ओरडतात, हे मी दोन वाढवून पाहिलंय. मी विचारलं, "आणि यांना पोलीस ओळखता आले तर?"

तो म्हणाला, "मग बघू."

"बघू" हे उत्तर मी सरकारी खात्यात आयुष्यभर ऐकलंय. त्यात नाही फार असतं, पण थोडं हो पण असतं. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आएर, शिकव मला." आमच्या आडनावातला ह त्यांच्या तोंडात कधी बसला नाही तो नाहीच.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी मला कळलं की विद्यार्थिनी साधीसुधी नाही. त्यांचे यजमान पोलिसातलेच. त्यांच्याकडे शहरांना एक पोलीस असतात आणि खेड्यापाड्यांना दुसरे, काराबिनिएरी. ते मुळात लष्करातले, विजारीच्या बाजूनं लाल पट्टी. एका छोट्या गावच्या ठाण्याचा प्रमुख म्हणजे मारेशालो, आपल्याकडचा ठाणेदारच म्हणा. बाईंचे यजमान ते होते. ठाणं खाली, घर वर. म्हणजे या आमच्याच, पोलीस लाईनीतल्या! मी उठून त्यांना मिठी मारली. मग नवऱ्यांच्या ड्यूट्या, सणाला रिकामं ताट, कडक इस्त्री, बदलीचं सामान बांधणं, सगळं निघालं. मोबाइलमधलं भाषांतराचं यंत्र आमच्या मागे धावता धावता दमून गेलं.

बाईंनी इटलीतले पोलीस मला समजावून सांगितले. शहराचे, खेड्याचे हे दोन झाले. शिवाय करड्या कपड्यातले पैशाचे पोलीस, ते एके काळी दुकानातून बाहेर पडताना पावती विचारायचे. नगरपालिकेचे वेगळे, ते पांढऱ्या टोप्या घालून गाड्यांना दंडाच्या चिठ्ठ्या लावतात. तुरुंगाचे आणखी वेगळे. मी म्हटलं, "अगं बाई, मग तुमच्यात तरी कुठे एक धड आहे!" त्या म्हणाल्या, "आएर, पण आम्ही प्रत्येकाला वेगळी विजार दिली आहे."

मग जोड्या लावल्या. आयुक्तालय म्हणजे त्यांचे शहराचे पोलीस. आम्ही ग्रामीणवाले म्हणजे काराबिनिएरी. हे ऐकून मी दोन दिवस छाती काढून चालत होते. रेल्वेचं जरा अवघड गेलं. एक दल केंद्राचं, रेल्वेच्या मालमत्तेची आणि प्रवाशांची राखण करणारं, आणि दुसरे राज्याचे लोहमार्ग पोलीस, चोरीमारीचा गुन्हा नोंदवणारे. बाईंनी विचारलं, "म्हणजे डबा चोरीला गेला तर पहिले, आणि डब्यातली बॅग चोरीला गेली तर दुसरे?" मी म्हटलं, "शंभरपैकी शंभर." अडचणीत फिरवायचा ११२ नंबर त्यांच्याकडेही तोच निघाला. एवढी एक गोष्ट दोन्ही देशांत सारखी आहे याचा त्यांना फार आनंद झाला.

सुटीच्या दिवशी आम्ही प्रॅक्टिकलला निघायचो. रिक्षात बसून नाशिकरोड, सीबीएस, पंचवटी. बाई खांद्यावरची अक्षरं वाचायच्या, टोपी बघायच्या, पट्टा बघायच्या आणि माझ्या कानात निकाल सांगायच्या. "होमगार्ड." बरोबर. "राखीव दल." बरोबर. एकदा फक्त चुकल्या. शालिमारच्या चौकात एका गृहस्थांना त्यांनी कडक सलाम केला. ते पोस्टमन होते. त्यांनीही सायकल थांबवून, पिशवी सावरून उलट सलाम केला, आणि दोघंही खूष होऊन आपापल्या वाटेनं गेले.

जोडी लागली नाही ती एकाची. पोलीस पाटलाची. शहरी वाचकांसाठी सांगते, पोलीस पाटील हा पोलीस नसतो. गावातलाच माणूस, सरकारनं नेमलेला. त्याला मानधन मिळतं, पण गणवेश नाही, काठी नाही, ठाणं नाही. गावात काय चाललंय ते पोलिसांना कळवायचं, भांडण पेटायच्या आधी विझवायचं, आणि परका माणूस गावात आला की चौकशी करून ठाण्यात खबर द्यायची. आता बऱ्याच गावांत बायका पोलीस पाटील आहेत आणि त्या हे काम झकास करतात.

बाई चक्रावल्या. "विजार नाही?"

"साडी आहे," मी म्हटलं.

"बंदूक?"

"छे!"

"चौकी कुठे?"

"तिच्या घराची ओटी. तिथेच लोक येऊन बसतात, तिथेच चहा."

"मग तिच्याकडे आहे काय?"

"गावातल्या सगळ्यांची सगळी माहिती. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा मुलगा मजुरीला गेला आणि आला नाही, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही."

बाई एकदम टाळी वाजवून ओरडल्या, "आएर! ही तर मारेशालोची बायको!"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात कुणी वाट चुकलं, घरातून निघून आलं, दारू पिऊन रडत बसलं की खाली ठाण्यात यायचं. मारेशालो कागद काढायचे आणि बाई वरून सूप पाठवायच्या. निम्मी प्रकरणं सुपावरच मिटायची. "मला पगार नव्हता, विजार नव्हती. पण त्या गावची पोलीस पाटील मीच होते," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू. मग त्यांनी विचारलं, "अशी बाई इथून जवळ कुठे आहे?" मी हरसूलच्या पुढच्या एका पाड्याच्या सुमनताई भोयेंचं नाव सांगितलं. बंदोबस्तात ओळख झालेली, हुशार आणि खमकी बाई. सांगितलं आणि विसरून गेले.

पोलीस कुठलाही असो, चार प्रश्न विचारणारच, म्हणून मी ते बाईंकडून मराठीत घोकून घेतले. तुम्ही कोण? कुठून आलात? कोणाकडे आलात? किती दिवस राहणार? उत्तरंही पाठ. मी जुलियाना. इटलीहून आले. मुलाकडे आले. व्हिसा आहे तोपर्यंत. बाई भांडी घासतानाही म्हणायच्या. वॉचमनकाका फाटकातून प्रश्न टाकायचे आणि बाई गॅलरीतून उत्तरं द्यायच्या.

रविवारी मार्कोनं जेवायला बोलावून परीक्षा घेतली. मोबाइलवर एकेक फोटो दाखवला आणि बाईंनी सगळे ओळखले. पोस्टमनसुद्धा. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मार्को म्हणाला, "छान. पण हे घरात बसून. बाहेर एकटी पडलीस तर?" आणि शुक्रवारच्या विमानाचं तिकीट टेबलावर तसंच राहिलं. ताटातला पास्ता बाईंनी अर्धा टाकला, आणि इटालियन बाई पास्ता टाकते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी दुपारी मार्कोचा फोन. आवाज ओळखू येईना. "मॅडम, मम्मा गेली!"

मी ओरडले, "गेली म्हणजे?"

गेली म्हणजे हरवली. गाडी आणि ड्रायव्हर घेऊन हरसूलच्या आठवडे बाजाराला गेली होती. ड्रायव्हर चहा प्यायला वळला, परत येतो तर बाई नाहीत. बांगड्यांच्या दुकानाशी शेवटच्या दिसल्या. मोबाइल लागत नाही. ड्रायव्हरनं बाजार पालथा घातला आणि घाबरून साहेबाला फोन केला. मार्को तेव्हा कामासाठी नाशकात. आणि पुढं त्यानं जे केलं ते फक्त एक इटालियनच करू शकतो. त्याच्या डोक्यात असं की वेगवेगळे पोलीस एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र सांगायचं, ज्याला सापडेल त्याला. ११२ला एक फोन. शहरातल्या एका ठाण्यात स्वतः जाऊन एक. वाहतुकीच्या साहेबांना चौकात गाठून एक. आई रागानं मुंबईच्या विमानतळाकडे निघाली असेल म्हणून नाशिकरोडला रेल्वेवाल्यांना एक. प्रत्येक वेळी हुंदके देत. प्रत्येक वेळी वर्णन थोडं वेगळं. एकीकडे केस पांढरे, एकीकडे चंदेरी. एकीकडे निळा झगा, एकीकडे जांभळा. एकीकडे वय सत्तर, एकीकडे "खूप म्हातारी".

मी पोलिसांच्या कंट्रोल रूमला फोन लावला तर ओळखीची हवालदारीण म्हणाली, "मॅडम, बरं झालं तुम्ही फोन केलात. नाशकात परदेशी म्हाताऱ्या हरवायची साथ आलीय का काय? चार गेल्यात!"

"चार नाहीत गं, एकच आहे," मी म्हटलं. सगळीकडे फोन करून चार म्हाताऱ्यांची एक केली. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मार्कोला विचारलं, "हरसूल ठाण्याला सांगितलंस?"

तो म्हणाला, "नाही. ते लांब आहे ना?"

"अरे मारेशालोच्या पोरा! आई खेड्यात हरवली आणि तू खेड्याचे पोलीस सोडून सगळ्यांना सांगितलंस? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर काय म्हणाला असता?"

हरसूलला फोन लावला. ठाणे अंमलदार शांतपणे म्हणाले, "मॅडम, हरवल्याची खबर काही नाही आपल्याकडं. पण एक पाहुणी आल्याची आहे. परदेशी मावशी. सुमन पाटीलबाईंनी कळवलंय. मावशी सुखरूप आहेत, भाकऱ्या थापताहेत म्हणाल्या."

हसू की रडू कळेना म्हणून दोन्ही केलं. सगळं खातं एका असहाय हरवलेल्या म्हातारीला शोधत होतं. अशी म्हातारी जिल्ह्यात कुठेच नव्हती, मग ती सापडणार कशी? ही तर पत्ता विचारत विचारत पाहुणी गेली होती!

मार्कोच्या गाडीत बसून आम्ही गिरणारे, वाघेरा करत निघालो. घाटात त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही, नुसता स्टिअरिंग घट्ट धरून होता. मध्येच म्हणाला, "मॅडम, आता तिला जावंच लागेल. बघितलंत ना? मला पुन्हा हे सहन होणार नाही." मला वाटलं, गेली आपली शिकवणी पाण्यात. आपणच तिला सुमनताईंचं नाव सांगितलं, आपणच तिचं विमान पक्कं केलं.

हरसूलला ठाण्याची जीप वाट दाखवायला पुढे झाली. नाक्यावरचा वनरक्षक काय झालं बघायला मोटरसायकलवर मागे लागला. बाजाराच्या बंदोबस्ताचे दोन होमगार्ड जीपमध्ये चढले. अशी वरात पाड्यावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. ओटीवर जुलियानाबाई बसलेल्या, हातात हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ. समोर सुमनताई, आणि भोवती अर्धा पाडा. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, बोटानं एकेकाकडे दाखवत मला म्हणाल्या, "ग्रामीण. वनरक्षक. होमगार्ड, होमगार्ड." चारही बरोबर.

मार्कोनं धावत जाऊन आईला मिठी मारली, तिच्या पिठासकट. मग बाजूला होऊन भडकला. हातवारे करत इटालियनमध्ये बराच वेळ बोलला. त्यातला शुक्रवार मला कळला. बाई शांतपणे म्हणाल्या, आणि मला समजावं म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, "तू म्हणालास, एकटी पडलीस तर? पडून पाहिलं. काळ्यापिवळ्या जीपमध्ये बायकांच्या मधे बसले आणि पोलीस पाटील, पोलीस पाटील म्हणत इथवर आले."

तेवढ्यात सुमनताई पदराला हात पुसत उठल्या. मला विचारलं, "मॅडम, ह्यो मुलगा का हिचा?"

"हो."

"मंग बरं झालं आला. माझी चौकशी अर्धी ऱ्हायलीय. फोनला रेंज नाय इथं, पार पान्याच्या टाकीवर चढून ठाण्यात खबर दिली, पन एक गोष्ट सांगता आली नाय."

"काय राहिलं, पाटीलबाई?"

"मी विचारलं, कोन? तर म्हनली जुलियाना. कुठून? इटलीहून. कोनाकडं? मुलाकडं. समदं बरोबर सांगितलं बाईनं, लय चांगलं मराठी शिकिवलं तुमी. मंग विचारलं, किती दिस राहनार? तर म्हनली, मुलगा आहे तोपर्यंत." सुमनताई मार्कोकडे वळल्या. "आता ह्याला विचारा, ह्यो किती दिस हाय? म्हंजे मला पुढं कळवाया बरं."

मी पाठ करून घेतलं होतं, व्हिसा आहे तोपर्यंत. जुलियानाबाईंनी त्यातला एक शब्द बदलला होता. मुलगा हा शब्द त्यांना तिसऱ्या उत्तरात सापडला होता, तो उचलून त्यांनी चौथ्यात ठेवला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मार्कोला तेवढं मराठी येत होतं. तो ओटीच्या कडेला बसला. खाली मान घालून आईच्या हातावरचं पीठ बोटानं झाडत राहिला.

मग त्यानं खिशातून फोन काढला. बघितला. म्हणाला, "रेंज नाही."

"टाकीवर चला," सुमनताई म्हणाल्या. "कुठं उभं ऱ्हायचं ते दावते."

कायदा जाणणारे वाचक इथे मला पकडतील, म्हणून सांगते. व्हिसा हा व्हिसाच असतो, जुलियानाबाईंना मुदत संपली की जावं लागतं. त्या जातात. आणि द्राक्षांचा हंगाम आला की परत येतात, दर वर्षी, माझ्यासाठी चीज आणि सुमनताईंसाठी लोकरीची शाल घेऊन. ते वृद्धांचं घर अजून चांगलंच आहे असं ऐकते. वॉचमनकाका आता बाईंना फाटकात "बॉन जोर्नो" म्हणतात.

त्या संध्याकाळी मार्को टाकीवर उभा राहून विमान कंपनीशी ओरडून बोलत होता, खाली बाई भाकरी उलटत होत्या आणि दोन्ही होमगार्ड उडदाच्या वरणाचं ताट घेऊन बसले होते. मीही दोन भाकऱ्या खाल्ल्या. परतताना हरसूल ठाण्यात उतरले, तर अंमलदार पेन घेऊन तयारच.

"मॅडम, शहरातून, रेल्वेकडून, सगळीकडून विचारणा आलीय. त्या चार हरवलेल्या मावश्यांचं काय करायचं?"

"चारही सुखरूप मिळाल्या म्हणून कळवा."

"आणि पाटीलबाईंच्या पाहुणीचा मुक्काम? किती दिवसांचा लिहू?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडीत मार्को आईच्या हातातल्या नव्या बांगड्या एकेक करून मोजत होता आणि ती त्याला टपली मारत होती.

"तिनं सांगितलंय तेच लिहा," मी म्हटलं. "मुलगा आहे तोपर्यंत."